मर्लच्या नावाचं तिकीट

ते तिकीट मीच फाडलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर कुणीतरी म्हणायचं की व्हर्नाने स्वतःची चूक झाकून ठेवली.

आमच्या अग्निशमन दलाची बंदुकांची सोडत दरवर्षी मार्चमधल्या एका रविवारी असते, दुपारी बारा ते पाच. मार्चमध्ये आमच्या डोंगरात दुसरं असतंच काय? हरणांचा हंगाम कधीच संपलेला, ट्राउट मासे धरायला अजून महिना, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत चिखल. मग सगळं गाव दलाच्या हॉलमध्ये येऊन बसतं, हॅम-घेवड्याचं सूप ओरपतं आणि समोरच्या टेबलाकडे बघत राहतं.

त्या टेबलावर बंदुका मांडलेल्या असतात आणि त्या माझ्या दुकानातून जातात. परवाना माझा, म्हणून कागदही मीच करते. नंबर लागला की माणूस माझ्या कोपऱ्यातल्या टेबलाशी येतो, फॉर्म भरतो, मी राज्य पोलिसांना फोन लावते, तिकडून होकार आला की बंदूक त्याची. अठ्ठावीस वर्षं हेच करतेय. बाकीच्या बायकांना नातवंडांचे वाढदिवस पाठ असतात, मला कुणाच्या घरात कुठली बंदूक आहे ते पाठ आहे.

यंदाच्या शेवटच्या बक्षिसाची मोठी रायफल बघून बाप्ये नुसते वेडे झाले होते. कार्बनची नळी, वजनाला इतकी हलकी की हातात घेतल्यावर प्रत्येक जण पहिल्यांदा हसायचा. वर दुर्बीण, आणि ती नुसती दुर्बीण नव्हे, समोरचं झाड किती लांब आहे तो आकडा डोळ्यापुढे दाखवणारी. शिवाय घडीचे पाय, मऊ पट्टा, आणि कानावर लावायचं ते नवं यंत्र: गोळीच्या बाराचा आवाज अडवतं, पण शेजारी कुजबुजलं तरी ऐकू येतं. एकेकाच्या घरी पंधरा-पंधरा रायफली आहेत, आणि तिथे असे उभे की जन्मात बंदूक पाहिली नाही.

"हार्लन, बोटांचे ठसे पुसायला मला रुमाल लागतोय. हो बाजूला," मी म्हटलं.

"अगं, नुसता हात लावतोय. बायकोने घरी आणायची बंदी घातलीय, बघायची नाही."

"तुझ्या बायकोला ते कानाचं यंत्र दे. तुझं घोरणं अडेल."

हशा झाला. हार्लनला कुणी टोमणा मारला की त्याला सगळ्यात जास्त आनंद होतो. शिंप्यासारखी बारीक नजर लावून तो सगळं बघतो आणि शेवटी घेतो एक तेलाची बाटली.

आणि खरं सांगायचं तर बायकाही काही कमी नसतात. माझा जुना दोस्त मर्ल, त्याची बायको नोरीन एकदा माझ्याकडे पिस्तूल घ्यायला आली होती. ओसरीवर अस्वल येऊन कचऱ्याचा डबा उलथवून गेलं होतं म्हणून. पिस्तूल तिने दोन मिनिटांत निवडलं, आणि त्याला फुलाफुलांचं अस्तर असलेली पिशवी मिळेना म्हणून पाऊण तास माझं डोकं खाल्लं. शेवटी स्वतःच शिवली. नंतर ते पिस्तूल तिच्या शिवणाच्या पेटीत धाग्यांच्या रिळांखाली जाऊन पडलं, आणि अस्वल दरवर्षी येतच राहिलं.

नोरीन ऑक्टोबरात गेली.

तिकिटाची गंमत तिचीच. स्वतःच्या नावाचं तिकीट स्वतः काढलं तर कधी लागत नाही, अशी तिची ठाम समजूत होती. म्हणून बावीस वर्षं मर्लचं तिकीट मी काढायचं आणि माझं मर्लने. बावीस वर्षांत आम्हा दोघांना साधी टोपीसुद्धा लागली नव्हती. यंदा जानेवारीत तिकिटांचं पुस्तक माझ्या काउंटरवर आलं, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता माझ्या हाताने सवयीने लिहिलं: मर्ल रूल. फाडलं आणि पेटीत टाकलं. रात्री जेवताना आठवलं आणि ताट तसंच बाजूला सारलं. पण पेटीला कुलूप, किल्ली दलाच्या प्रमुखाकडे, क्लेटकडे. त्याला काय सांगणार? कारण सांगायची सोय नव्हती.

कारण असं होतं. डिसेंबरात एका दुपारी मर्लने ट्रक माझ्या दुकानाच्या मागच्या दाराशी लावला. आत नोरीनच्या गोधड्यांत गुंडाळलेल्या बंदुका. एकेक करून त्याने आणून ठेवल्या.

"साफ करायच्यात का रे?" मी विचारलं.

"नाही. तुझ्या तिजोरीत ठेव. मी मागायला आलो तरी देऊ नकोस."

तो गोधडीची घडी घालत होता.

"रात्री घरात त्यांच्याबरोबर एकटा नको वाटतं मला," तो म्हणाला. "आणि कुणाला बोलू नकोस, व्हर्ना. दलात तर नाहीच नाही."

मी शब्द दिला. आमच्याकडे ही रीत आहे. बोलत कुणी नाही, पण कुणाचे दिवस वाईट चालले असले की बंदुका दोस्ताकडे जातात. मी मोजल्या, अकरा भरल्या, खणात लावल्या. आणि जे विचारायला हवं होतं ते न विचारता, बावळटासारखं, कॉफी घेणार का ते विचारलं. तो नको म्हणाला आणि गेला.

त्याला दलात का कळायला नको, हे मला सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं तो दलाचा कॅप्टन होता. त्या हॉलमध्ये सूप ओरपणारा प्रत्येक बाप्या त्याच्या हाताखाली शिकलेला. जळत्या घरात कसं शिरायचं, त्याहून जास्त म्हणजे केव्हा शिरायचं नाही, ते त्यानेच शिकवलं. गाडी नेहमी उलटी लावा, तोंड रस्त्याकडे, भोंगा झाला की मागेपुढे करायला वेळ नसतो, हे तर त्याने इतक्यांदा सांगितलं की लोक त्याची नक्कल करायचे.

सोडतीला तो येणार नाही अशी माझी खात्री होती. पण साडेतीनला दार उघडलं आणि क्लेट त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आत घेऊन आला.

"घरात बसून बुरशी लागली असती याला!" क्लेट ओरडला. "दारातून उचलून आणलाय!"

मर्ल बारीक झाला होता. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि म्हणाला, "बाहेर सगळ्यांनी गाड्या तोंड आत करून कोंबल्यात. एकसुद्धा उलटी नाही. लाज आहे का कुणाला?"

"चिखल आहे रे, कॅप्टन," हार्लन म्हणाला.

"आग चिखल बघून थांबते काय?"

सगळे हसले, कुणीतरी त्याच्यापुढे सूप ठेवलं, आणि मलाही क्षणभर बरं वाटलं. तो आपल्या माणसांत आला होता. पेटीतून पिपात ओतलेली हजारभर तिकिटं होती. मी स्वतःलाच दटावलं, व्हर्ना, गप बस, हजारात एक.

पावणेपाचला क्लेटने मोठ्या रायफलीसाठी पिपात हात घातला, चिठ्ठी उघडली, आणि माइकसमोर तोंड उघडून नुसता उभा राहिला. मग त्याचा आवाज फाटला.

"मर्ल रूल!"

अहाहा, काय ती टाळी! माणसं खुर्च्यांवरून उठली. बाकं बडवली. नोरीन गेल्यापासून ज्याला काय बोलावं हे कुणाला सुचत नव्हतं, त्याच्यासाठी काहीतरी चांगलं घडलं होतं, आणि सगळं गाव त्या एका गोष्टीवर तुटून पडलं. स्वयंपाकघरातल्या बायका डोळे पुसत बाहेर आल्या. मी मात्र बसूनच होते. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी क्लेटच्या हातात फडफडत होती.

मर्लला पुढे ढकलत नेलं. फोटोची पद्धत आहे, बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची. त्यांनी त्याच्या हातात ती दिली. बंदूक रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत पिवळी पट्टी अडकवलेली होती, गोळ्या हॉलमध्ये नव्हत्याच, तरी मी खुर्चीतून अर्धी उठले. मर्लने ती डोक्यावर धरली नाही. छातीशी धरली आणि तिच्याकडे खाली बघत राहिला. हलकी आहे म्हणून सगळे हसले होते; तो हसला नाही.

माझं टेबल कोपऱ्यात, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कॉफीचं मोठं भांडं, आणि समोर आता पन्नास माणसं मर्लला घेऊन येत होती. उठून कुठे जायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

"मर्ल, दमलास तू," मी म्हटलं. "उद्या दुकानात ये, सावकाश करू कागद."

"उद्या?" क्लेटने माइक खाली ठेवलाच नव्हता. "मंडळी, व्हर्नाला घरी जायची घाई झालीय!"

"नऊ जणांचे कागद केलेस की दुपारपासून!" हार्लन म्हणाला. "कॅप्टनच्याच वेळी कंबर दुखायला लागली होय गं?"

मी मर्लकडे बघितलं. तू तरी काहीतरी बोल, तू तरी. तो खुर्ची ओढून बसला.

"होऊन जाऊ दे," तो म्हणाला.

हे कोण बोलत होतं? माझा दोस्त, का ज्याच्यापासून जपायला त्याने मला सांगितलं होतं, ते? मला कळेना. तोंडावरून काही वाचता येत नव्हतं.

मला सरळ नाही म्हणता आलं असतं. कायदा तेवढा हक्क दुकानदाराला देतो. कारणही सांगावं लागत नाही. पण पन्नास जणांसमोर मी मर्लला बंदूक नाकारली असती, तर संध्याकाळच्या आत प्रत्येक घरात एकच बोलणं झालं असतं, आणि तो या हॉलमध्ये पुन्हा पाऊल टाकणार नव्हता. खोटं बोलून उद्यावर ढकललं असतं, तर उद्या काय? आणि परवा? माझ्यावर रागावून तो खिंडीपलीकडच्या दुकानात गेला असता. तिथे त्याला ओळखणारं कुणी नाही. त्यांनी हसून, हात मिळवून, वर एक टोपी फुकट देऊन त्याला हवी ती बंदूक दिली असती. त्याच्यापर्यंत पोचायची होती नव्हती ती एक वाटही मग बंद. द्यावी तरी मेले, न द्यावी तरी मेले. अशा कात्रीत मी आयुष्यात सापडले नव्हते, आणि त्या क्लेटच्या डोक्यात ते सूपचं भांडं घालावं असं मला मनापासून वाटलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, तरी वाटलं.

मी फॉर्म पुढे सरकवला. ठरवलं, भरू दे. मग पोलिसांचा फोन लागत नाही म्हणेन, आणि रात्रभर याच्या दाराशी ट्रकमध्ये बसून राहीन. त्यापुढचं त्यापुढे.

मर्लने चष्मा लावला. त्याचं लिहिणं कायमचं संथ, शाळेतल्या पोरासारखं ओठ हलवत. नाव. पत्ता. जन्मतारीख. मागून लोक गप्पा मारत होते, या रायफलीने पहिलं हरीण कुठल्या कड्यावरून मारायचं ते त्याला सांगत होते. त्याने कागद माझ्याकडे फिरवला.

मी प्रत्येक ओळीवर अंगठा ठेवून फॉर्म तपासते. हातच तसा बसलाय. नावापत्त्यानंतरचा पहिलाच प्रश्न असतो, ही बंदूक तुम्ही स्वतःसाठी घेत आहात का? तिथे 'नाही'च्या चौकटीत खूण होती.

आता हे बघा. घाईत इथे चुकीची खूण करणारे मला आठवड्याला दोन भेटतात. मी अंगठा तिथेच ठेवते, कागद परत फिरवते आणि म्हणते, पुन्हा वाच. अठ्ठावीस वर्षं. आणि मी तेच केलं! परमेश्वरा, त्या क्षणीसुद्धा मी तेच केलं!

"मर्ल, चुकीच्या चौकटीत खूण केलीस," मी म्हटलं. "पुन्हा वाच ती ओळ आणि दुरुस्त कर."

"चष्मा नोरीनचा घालून आलास का?" हार्लन हसला.

मर्ल हसला नाही. त्याने पेन टेबलावर ठेवलं, माझ्यापासून लांब सरकवलं, आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"वाचूनच केलीय, व्हर्ना."

मला किती वेळ लागला माहीत नाही. फार नसेल. पण कळलं तेव्हा मी अंगठा त्या ओळीवरून उचलला. तो माझ्यासारखाच कोंडला गेला होता. या टाळ्यांमधून बाहेर पडायला त्याला एवढी एकच फट सापडली होती, आणि मी ती माझ्या हाताने बुजवायला निघाले होते. त्या चौकटीत 'नाही' असलं की जगातला कुठलाही दुकानदार बंदूक देऊ शकत नाही.

मी फॉर्म उचलला, उभी राहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. जोरात, सगळ्यांना दिसेल असा.

"क्लेट! माझीच चूक. हा फॉर्म बाद झाला. कोरे सगळे दुकानात राहिलेत."

"काय?"

"ऐकू येत नाही का? आज होत नाही. बंदूक माझ्याकडे राहील, मर्लला हवी तेव्हा बघू. सूप संपलं का? जा, प्या!"

"अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा व्हर्ना चुकली!" क्लेटने माइकमध्ये जाहीर केलं, आणि पुन्हा टाळ्या पडल्या, यावेळी माझ्यासाठी. व्हर्ना म्हातारी झाली, व्हर्नाला चष्मा द्या, व्हर्नाला पेन्शन द्या. बोला, मेल्यांनो, म्हटलं मनात, आज हवं ते बोला. रायफल तिच्या पेटीत घातली, कुलूप लावलं, एका हातात पेटी धरली आणि दुसऱ्या हाताने मर्लचा दंड.

"चल. ही ट्रकपर्यंत न्यायला मदत कर."

बाहेर ऊन होतं, चिखल चमकत होता. पेटी मागच्या लोखंडी खणात कुलपात टाकली आणि आम्ही पुढे येऊन बसलो. मागे, बाजूला, सगळीकडे ट्रक खेटलेले. आरशात हार्लनच्या ट्रकचं नाकाड दिसत होतं. हलायला वीतभर जागा नव्हती.

"तिकीट तू काढलंस ना?" मर्ल म्हणाला. "अक्षर ओळखलं मी."

"हाताने लिहिलं रे. डोकं कुठे होतं देव जाणे. मला माफ कर."

"नोरीन म्हणायची तेच खरं निघालं." तो थोडा हसला आणि मग त्याचा चेहरा उतरला.

आता पुन्हा कॉफी विचारणार नव्हते मी.

"मर्ल, सरळ विचारते. जीव द्यायचं मनात येतं का?"

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. "येतं."

"आजही?"

"सकाळपासून. क्लेटने दार वाजवलं तेव्हा... वाजवलं नसतं तर माहीत नाही." त्याने मांडीवर हात घट्ट धरले. "आत सगळे इतके खूश होते माझ्यावर. आणि एकालाही माहीत नाही. वाटलं, ओरडून सांगावं. तोंडच उघडेना."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. "मला सांगितलंस. बास. आजपासून तू एकटा राहायचं नाहीस. माझ्याकडे राहा, नाहीतर मी येते. ट्रिशला फोन लाव, आत्ता. तुझी पोरगी आहे ती, तिला कळलं पाहिजे. उद्या सकाळी डॉक्टरकडे मी नेते."

त्याने मान हलवली. फोन काढला, पण लावला नाही.

"मी तुला अकरा दिल्या," तो म्हणाला.

"हो. अकरा."

"तू मोजल्यास?"

"मोजल्या म्हणजे काय, मीच..." आणि माझं बोलणं तिथेच थांबलं. कुणाच्या घरात काय आहे ते पाठ असलेली मी! त्याच्या घरात अकरा नव्हत्या. बारावी मी स्वतः विकली होती. फुलाफुलांच्या पिशवीतली.

"शिवणाच्या पेटीत?"

"तिचं होतं ना. देववलं नाही." त्याचा आवाज फुटला. "रोज झाकण उघडतो आणि बंद करतो. आज तू येऊन घेऊन जा, व्हर्ना. आत्ता. ते घरात आहे तोवर मला तिथे पाऊल टाकायचं नाहीये."

मी चावी फिरवली. आरशात हार्लनचा ट्रक. डावीकडे क्लेटचा. एकाचंही तोंड रस्त्याकडे नाही. आत जाऊन ओरडावं म्हणून दाराच्या कडीला हात घातला, पण मर्लला तिथे एकट्याला सोडायला पाय उचलेना. मग मी दुसरा हात भोंग्यावर ठेवला आणि दाबला. दाबूनच धरला.

हॉलचं दार धाडकन उघडलं. भोंगा झाला की धावायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. हार्लन गळ्यात रुमाल घेऊन, क्लेट हातात चमचा घेऊन, मागे पंधरा-वीस जण, चिखलातून घसरत.

"कुठे लागलीय?" क्लेट ओरडला.

मी काच खाली केली. "मर्लच्या घरी जायचंय. ट्रक काढा."

"का गं, झालं काय?"

मी बोलले नाही. शब्द दिलेला होता. क्लेट वाकला, माझ्या पलीकडे बसलेल्या मर्लला त्याने बघितलं. मर्लच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि फोन कानाला लावलेला होता. "ट्रिश, बाबा बोलतोय," तो म्हणत होता. "नाही बाळा. बरा नाहीये मी."

क्लेटने चमचा चिखलात टाकला आणि वळला.

"काढा रे सगळ्यांनी!" तो म्हणाला. "कॅप्टनला वाट द्या!"

कुणी काही विचारलं नाही. सात ट्रक एकामागून एक मागे गेले, आणि आम्ही रस्त्याला लागलो.